रेणूचं नाव आणि ड्रमवरचं नाव : बडोद्याच्या रसायनशास्त्र शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
बडोदे शहर आणि परिसरातल्या शाळा, कॉलेजं व क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे सर आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

‘आययूपॅक नाव लिहा’, म्हणजे रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं नाव लिहा, या प्रश्नाला ‘ॲसिटिक ॲसिड’ असं उत्तर आलं की ‘एथेनॉइक’ हवं होतं म्हणून तुमच्यापैकी बरेच जण त्यावर लाल फुली मारतात. ती फुली मारू नका, एवढंच सांगायचं असतं तर हे पत्र दोन ओळींत आटपलं असतं. पण त्या फुलीमागे जी समजूत आहे तिचं ओझं पुढे आमच्या गळ्यात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या म्हणजे नंदेसरी, रानोली, मकरपुरा या पट्ट्यातल्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये उभं राहून दिवस काढणाऱ्यांच्या. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तुमची मुलं-मुली बीएस्सी, एमएस्सी होऊन आमच्याकडे येतात. हुशार असतात, त्याबद्दल तक्रार नाही. कागदावर कसलीही फांद्या फुटलेली साखळी काढून द्या, सगळ्यात लांब साखळी हुडकून, नंबर घालून, बिनचूक नाव सांगतात. त्याच मुलीला स्टोअरमध्ये नेऊन बॅगेवरचं ‘फ्युमॅरिक’ दाखवलं की ती गोंधळते आणि खिशातला मोबाइल काढते. मोबाइलला माझी हरकत नाही. पण हे नाव बाजारात रोज वापरलं जातं आणि कॉलेजात ते ‘जुनं’ म्हणून एका तासात उरकलं जातं, हे काही बरं नाही.

आधी त्या फुलीचं बघू. 2013 साली आययूपॅकने सेंद्रिय संयुगांच्या नावांच्या शिफारशी नव्याने प्रसिद्ध केल्या. एका संयुगाची नियमात बसणारी नावं दोन-चार असू शकतात, त्यातलं एक पहिल्या मानाचं, ‘पसंतीचं’ नाव, अशी त्यात व्यवस्था आहे. फॉर्मिक, ॲसिटिक, ऑक्झॅलिक आणि बेंझॉइक या आम्लांना तिथे पसंतीचं नाव म्हणून जुनंच नाव दिलंय. एथेनॉइक चालतं, चूक नाही, पण पहिला मान ॲसिटिकचा. क्षारांचंही तसंच. सोडियम ॲसिटेट आधी, सोडियम एथेनोएट मागून. प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक यांच्या वाट्याला हा मान आलेला नाही, तिथे प्रोपेनॉइक आणि ब्यूटेनॉइकच पुढे; जुनी नावं सर्वसाधारण लिखाणात चालतील इतकंच. म्हणजे ज्या संस्थेच्या नावाने आपण पोराचे गुण कापतो, तिच्याच नियमांत त्याचं उत्तर बरोबर ठरतं.

दोष तुमच्या एकट्याचा नाही, हेही मला कळतं. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात कोष्टक आहे, त्यात एक रकाना सामान्य नावाचा, शेजारचा आययूपॅक नावाचा. ऑक्झॅलिक एका रकान्यात, एथेनडायओइक दुसऱ्यात. पोरं असे दोन रकाने पाठ करतात आणि मनात पक्कं बसवून घेतात की एक गावठी, एक शास्त्रीय. प्रवेश परीक्षेत पर्यायांची यादी याच कोष्टकाला धरून येते, तेव्हा ते शिकवायला हवंच. पण शाळेच्या पेपरात गुण देणारा हात तुमचा आहे.

आता मुद्द्याचं. ही दोन नावं एकाच वस्तूची आहेत, असं आपण शिकवतो. माझा अनुभव सांगतो की पुष्कळदा तसं नसतं. पद्धतशीर नाव रेणूचं असतं. व्यवहारातलं नाव मालाचं असतं. रेणू शुद्ध असतो, एकटा असतो, कागदावर असतो. माल ड्रममध्ये, बॅगेत, कार्बॉयमध्ये येतो. त्याच्यासोबत पाणी येतं, भाऊबंद येतात, ग्रेड येते, बॅच नंबर येतो. मुलांना पहिलं शिकवून दुसरं त्यातच आलं असं आपण गृहीत धरतो, आणि गफलत तिथेच होते.

स्टिअरिक ॲसिड घ्या. मेणबत्तीपासून रबरापर्यंत आणि पीव्हीसीपासून तोंडाला लावायच्या क्रीमपर्यंत सगळीकडे लागणारा माल. पुस्तकात त्याच्यापुढे ऑक्टाडेकॅनॉइक लिहिलेलं असतं, अठरा कार्बनची सरळ साखळी. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने त्याची ॲसिड व्हॅल्यू काढली. ॲसिड व्हॅल्यू म्हणजे एक ग्रॅम माल उदासीन करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं तो आकडा. ऑक्टाडेकॅनॉइकचा रेणुभार 284.5, त्यावरून हिशेबाने 197 यायला हवी. त्याची आली 208. तीनदा केलं, तीनदा तेच. पोराने टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंबाथेंबाने अल्कली सोडून मोजायची कृती) इतकं नेटकं केलं होतं की मला आनंद झाला, आणि त्याने रिपोर्टवर ‘नापास’ लिहिलं होतं म्हणून हसूही आलं. माल अगदी व्यवस्थित होता. बाजारात स्टिअरिक म्हणून जे मिळतं त्यात ऑक्टाडेकॅनॉइक साधारण निम्मं असतं. उरलेलं बहुतेक पामिटिक, सोळा कार्बनचं. दोन्ही निम्मं-निम्मं धरून आकडा काढला तर 208 च्याच घरात येतो. त्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि पुस्तकातल्या समान चिन्हावर त्याने विश्वास ठेवला होता.

साबणाच्या वेष्टनावर ‘सोडियम पामेट’ छापलेलं असतं तेही मुलांना एकदा वाचायला लावा. पामिटेट नव्हे, पामेट. पाम तेलातल्या सगळ्या आम्लांचे मिळून जे सोडियमचे क्षार होतात त्यांचं ते नाव. त्यात पामिटिक आहे, ओलेइक आहे, थोडं स्टिअरिक, थोडं लिनोलेइक. याला एकच पद्धतशीर नाव द्यायचं कसं? देताच येत नाही, कारण तो एक रेणू नाही. अशा वेळी तेलाच्या नावावरून ठेवलेलं नावच प्रामाणिक.

थंडीतली गोष्टही अशीच. दहावीच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं की एथेनॉइक आम्लाचा द्रवणांक 290 केल्विन, त्यामुळे थंड हवामानात ते गोठतं, म्हणून त्याला ग्लेशियल म्हणतात. बडोदं काही थंड प्रदेशात मोडत नाही, तेव्हा हे वाक्य परीक्षेपुरतं. मग जानेवारीत पहाटेच्या पाळीला पोरगं कार्बॉय उघडतं तर आत पांढरा दगड. धावत येतं, माल खराब झाला म्हणून. 16.6 अंशांखाली पारा गेला की असं होणारच, आणि जानेवारीत आपल्याकडे पहाटे तो सहज जातो. उलट कडाक्याच्या थंडीतही जर ‘ग्लेशियल’ लिहिलेलं आम्ल खळाळत असेल, तर त्यात पाणी शिरलंय का हे मी आधी बघेन. ‘एथेनॉइक’ हे नाव व्हिनेगरलाही लागू, अर्ध्या पाण्याच्या द्रावणालाही लागू आणि या गोठलेल्या दगडालाही. ‘ग्लेशियल’ मात्र थेट मालाची ताकद सांगून जातं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर ऑक्झॅलिककडे येते, कारण ही गडबड तर तुमच्याच प्रयोगशाळेत जन्माला येते. दशांश मोलर (म्हणजे लिटरला रेणुभाराच्या दहाव्या हिश्श्याइतके ग्रॅम) ऑक्झॅलिकचं 250 मिली द्रावण करायला किती वजन घ्यायचं? अकरावीतलं कुठलंही पोर झोपेतून उठवलं तरी 3.15 ग्रॅम सांगेल. समतुल्यभार त्रेसष्ट, तोही पाठ. आता त्यालाच म्हणा, एथेनडायओइक आम्लाचा रेणुभार काढ. 90 येईल, आणि 90 धरलं तर वजन 2.25 ग्रॅम होतं. मग 3.15 आलं कुठून? बाटलीतल्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू बसलेले आहेत, म्हणून रेणुभार 126. फळ्यावर तुम्ही एक पदार्थ लिहिता, बाटलीतून दुसरा काढता, आणि पोराला दोन्हींची उत्तरं वेगवेगळी पाठ असतात. पुढे साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करून, परमँगनेट टाकत, फिकट गुलाबी रंग येईस्तोवर टायट्रेशन सुरळीत होतं. कुणाला शंका यायचं कारणच उरत नाही.

हेच पोर कारखान्यात येऊन सोडियम ॲसिटेटचं दशांश मोलर द्रावण करतं. पुस्तकातल्या सूत्रावरून रेणुभार 82, एक लिटरला 8.2 ग्रॅम. बाटली मात्र ट्रायहायड्रेटची, म्हणजे पाण्याच्या तीन रेणूंसकटची, तिला लागतात 13.6 ग्रॅम. झालं, द्रावण साठ टक्के ताकदीचं, आणि दिवसभर बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) का बसत नाही म्हणून पीएच मीटरला शिव्या. नाव ॲसिटेट म्हणून शिकवा की एथेनोएट म्हणून, पाण्याचा उल्लेख दोन्हींत नाही. तो लेबलवर खालच्या ओळीत असतो. सिट्रिकमध्ये तर याला पैशांचा हिशेबही लागतो: मोनोहायड्रेट घेतलं तर शंभर किलोंमागे साडेआठ किलोंहून जास्त पाणीच. भाव विचारताना ‘नुसतं सिट्रिक’ म्हणणाऱ्याला व्यापारी काय देईल ते सांगायला नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर पेन उचललं ती. मॅलिक, मॅलेइक, मॅलोनिक. मोठ्याने तीनदा म्हणून बघा. आता हेच पंख्याच्या आवाजात, फोनवर, गुजराती बोलणाऱ्या पर्चेसवाल्याने मराठी बोलणाऱ्या स्टोअरवाल्याला सांगितलं असं समजा.

मॅलिक हे सफरचंदाच्या आंबटपणाचं आम्ल. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1785 साली ते सफरचंदाच्या रसातून वेगळं केलं. गोळ्या-चॉकलेटांत, सरबतांत चालतं. मॅलेइक त्याच्यातून पाण्याचा एक रेणू काढून टाकला की मिळणाऱ्या दोन भावांपैकी एक, दुसरा फ्युमॅरिक. मॅलेइक रेझिनच्या कामाचं. कातडीला आणि डोळ्यांना झोंबणारं, खाण्यात घालायचं नव्हे. मॅलोनिक तिसरंच, तीन कार्बनचं, औषधांच्या आणि इतर संश्लेषणांच्या कामाचं. आमच्या ओळखीच्या एका छोट्या युनिटमध्ये मॅलिकची ऑर्डर गेली आणि आलं मॅलेइक. पांढरी पावडर, तशीच बॅग, बिलावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. द्रवणांक तपासून कळेल म्हणाल, तर साधं मॅलिक 130 अंशांच्या आसपास वितळतं आणि मॅलेइकही त्याच्या जवळपासच. पकडलं कशाने, तर टायट्रेशनने. मॅलिकचा रेणुभार 134 धरून शुद्धता काढली, ती आली 115 टक्के. शंभराच्या वर शुद्धता आली की नवखी मंडळी ब्युरेटला दोष देतात. तिथल्या बाईंनी दिला नाही. त्यांनी उलटा हिशेब मांडला: इतका अल्कली खाणारं दोन कार्बॉक्सिलचं, म्हणजे दोन आम्लगटांचं, आम्ल हलकं असलं पाहिजे, रेणुभार 116 च्या आसपास. 116 म्हणजे मॅलेइक किंवा फ्युमॅरिक. चिमूटभर पाण्यात टाकलं, झटकन विरघळलं. फ्युमॅरिक असतं तर तळाशी बसून राहिलं असतं, पाण्यात ते जेमतेम विरघळतं. बॅग परत गेली.

ही पोटपूजेची भाकरी तुमच्या वर्गातच भाजली जाते बरं का. टायट्रेशन, रेणुभार, आम्लाचे दोन हायड्रोजन, सिस आणि ट्रान्स, सगळं त्यांनी शिकलेलंच असतं. पण ‘सिस-ब्यूट-2-ईनडायओइक’ असं शिकलेल्या मुलीला मॅलेइक म्हणजे तेच हे माहीत नसेल, तर तिचं ज्ञान त्या बॅगेपर्यंत पोहोचतच नाही. आणि हेही कबूल करायला हवं की फोनवर ‘2-हायड्रॉक्सीब्यूटेनडायओइक’ म्हटलं असतं तर हा घोटाळा झाला नसता. ऑर्डरही गेली नसती म्हणा, कारण स्टोअरवाल्याने फोन ठेवून दिला असता.

यावर बाजाराने उचललेला तोडगा म्हणजे कॅस नंबर, केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था प्रत्येक रसायनाला देते तो. मॅलेइकचा 110-16-7, फ्युमॅरिकचा 110-17-8. गंमत अशी की शेवटचा आकडा हा उगीच नसतो, तो बाकीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. तो सोडून उजवीकडून पहिल्या आकड्याला एकाने गुणा, दुसऱ्याला दोनाने, तिसऱ्याला तिनाने, असं करत बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा तोच. ॲसिटिकचा 64-19-7 बघा: नऊ एके नऊ, एक दुणे दोन, चार त्रिक बारा, सहा चोक चोवीस, एकूण 47, म्हणून शेवटी 7. आठवीतलं पोरसुद्धा खेळ म्हणून करेल. वर्गात पाच मिनिटं द्या, आयुष्यभर त्यांना चुकीचा टाइप झालेला नंबर बहुतेक वेळा पकडता येईल.

पद्धतशीर नावांची मी वैरी आहे असं वाटू नये म्हणून शेळीची गोष्ट सांगते. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक. सहा, आठ आणि दहा कार्बन. तिन्ही नावं शेळीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आली आहेत, कारण तिन्ही शेळीच्या दुधाच्या चरबीत असतात. कॅप्रोइकची बाटली उघडली की का हे नाव दिलं ते लॅबभर सगळ्यांना समजतं आणि संध्याकाळी बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. इथे मात्र ज्याने नावं ठेवली त्याने पुढच्यांचा जीव घेतलाय. इतकी वर्षं या धंद्यात काढून आजही मी हेक्झॅनॉइक, ऑक्टॅनॉइक, डेकॅनॉइक असं मनात म्हणून मगच सही करते. आपल्या फर्टिलायझरनगरला जीएसएफसी ही खत कंपनी जे कॅप्रोलॅक्टम बनवते, ज्याच्यापासून नायलॉन-6 होतं, त्याच्याही नावात हीच शेळी बसलीय. पोरांना हे सांगा, सहा कार्बन कधी विसरणार नाहीत. तसंच अल्फा, बीटा, गॅमाचं. जुन्या पद्धतीत कार्बॉक्सिलच्या शेजारचा कार्बन अल्फा, नव्या पद्धतीत तोच दुसरा. म्हणून गॅमा-अमिनोब्युटिरिक हे 4-अमिनोब्यूटेनॉइक होतं. इथे नंबर निःसंशय सरस.

व्यवहारातली नावं किती दगा देऊ शकतात याचा सगळ्यात वाईट नमुना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधला. कापडावरचे शाईचे आणि गंजाचे डाग काढायला तिथे ‘लिंबाचं मीठ’ अशा अर्थाच्या नावाने एक पांढरी पूड विकायचे. लिंबाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती होती पोटॅशियम हायड्रोजन ऑक्झॅलेट, विषारी. नावावर विसंबून लोकांनी ती पोटात घेतली आणि जीव गमावले. आपल्याकडे खमणात, सरबतात पडणारे ‘लिंबूना फूल’ करियाण्याच्या दुकानात मिळतात, ते सिट्रिक, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण टाइल्स आणि मार्बल घासायला आणलेलं ऑक्झॅलिकही तसंच पांढरं, तसंच स्फटिकांचं, आणि पुष्कळ घरांत ते नाव नसलेल्या पुडीत येतं. म्हणून माझी इच्छा आहे की सिट्रिक आणि ऑक्झॅलिक वेगळं ओळखण्याची परीक्षा प्रत्येक मुलाने एकदा हाताने करावी. द्रावण उदासीन करून त्यात कॅल्शियम क्लोराइड घाला. ऑक्झॅलेट असेल तर थंडातच पांढरा साका येतो आणि तो ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळत नाही. सिट्रेट थंडात गप्प बसतं, उकळल्यावर साका देतं. दहा मिनिटांचं काम. आणि तोच कॅल्शियम ऑक्झॅलेट अळूच्या पानात सुईसारख्या स्फटिकांत असतो म्हणून घसा खाजतो, आणि बहुतेक मुतखड्यांतही तोच असतो, हे सांगायला विसरू नका. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर मी तरी कधी कॅल्शियम एथेनडायओएट लिहिलेलं पाहिलेलं नाही.

औषधांच्या पट्टीवरही तेच. सर्दीच्या गोळीवर क्लोरफेनिरामिन मॅलिएट लिहिलेलं असतं. वरची मॅलेइकची भानगड कळलेल्या मुलाला ते मॅलिकचं मॅलेट नाही हे दिसेल. मेटोप्रोलॉल हे रक्तदाबाचं औषध सक्सिनेट म्हणून येतं आणि टार्ट्रेट म्हणूनही. सक्सिनेट सावकाश सुटणाऱ्या गोळीत असतं, दिवसातून एकदा घ्यायचं, टार्ट्रेटची साधी गोळी लवकर सुटते, ती सहसा दिवसातून दोनदा. आजोबांच्या पट्टीवरचा तो दुसरा शब्द वाचता येणं हे रसायनशास्त्राचं केवढं तरी सार्थक आहे. तिथे ब्यूटेनडायओएट लिहिलेलं नसतं, आणि लिहूही नये.

खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर तर दोन्ही नावं गायब होऊन नुसता आकडा उरतो. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पदार्थाचा वर्ग लिहून पुढे नाव किंवा आयएनएस आकडा (खाद्य-मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिला तरी चालतो. 330 म्हणजे सिट्रिक, 296 मॅलिक, 297 फ्युमॅरिक, 211 सोडियम बेंझोएट, 282 कॅल्शियम प्रोपिओनेट. आकड्याला पाहून लोक घाबरतात, कारण आकड्याला चव नसते. फ्रान्समध्ये 1970 च्या दशकात एक पत्रक हातोहात फिरलं होतं, त्यात ई330 ला, म्हणजे याच 330 सिट्रिकला, कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर बसवलं होतं. शरीरात अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या सिट्रिक आम्लाच्या चक्राला हान्स क्रेब्झचं नाव आहे आणि जर्मनमध्ये क्रेब्झ म्हणजे कर्करोग, त्यातून कुणाचा तरी गोंधळ झाला असावा असं मानतात. आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसलं काही आलं तर उत्तर देणारं पोर तुमच्याच वर्गातलं असलं पाहिजे.

नावांना शिस्त लावायचं काम 1892 साली जिनिव्हाच्या परिषदेत सुरू झालं. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1890 मध्ये, सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जरांना हाताशी धरून आपल्याकडे कलाभवन काढलं. रंगाई, छपाई, यंत्रकाम, आणि शिकवणं देशी भाषेत. सुती कापडावर बेसिक (अल्कधर्मी) रंग पक्का करायला त्या काळी टॅनिक आम्लासोबत टार्टर एमेटिक वापरत, अँटिमनीचा टार्ट्रेट. त्याचं पद्धतशीर नाव आजही फळ्यावर लिहायला बसलात तर हात दुखेल. रंगाऱ्याला ते माल म्हणून कळत होतं आणि शिकवणाऱ्याला रसायन म्हणून. पुढे 1907 मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक ही रसायनांची कंपनी उभी केली. वर्ग आणि कारखाना यांच्यात या गावात पूर्वी एवढं अंतर नव्हतं, ते आपण वाढवलंय.

तेव्हा मागणं काय, तर कार्बॉक्सिलिक आम्लांचा धडा आला की सूत्राशेजारी एक लेबल लावा. नाव, ग्रेड, पाण्याचे रेणू, कॅस नंबर, टक्केवारी, सगळं त्यावर असतं. मुलांना विचारा की यातला कुठला शब्द रेणूबद्दल आहे आणि कुठला मालाबद्दल. दोन कार्बॉक्सिलवाल्या आम्लांची जुनी नावं ‘ओ माय सच गुड ॲपल पाय’ म्हणून पाठ करून घेता, घ्या; आमच्याकडे तेच ‘ओ मामा, सगळा गूळ आणा पटकन’ असं चालतं, ऑक्झॅलिक ते पिमेलिक. परीक्षेत एक प्रश्न उलट विचारा: नाव द्या आणि ते कुठे लिहिलेलं सापडेल ते सांगायला लावा. आणि ॲसिटिकवर फुली नको.

लेबलं कुठून आणायची ही अडचण असेल तर कुठल्याही युनिटच्या लॅबमध्ये जाऊन मागा. जुन्या बॅचची, रद्द झालेली, छपाई फसलेली लेबलं आमच्याकडे कपाटभर पडून असतात, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त भरलेल्या किंवा न धुतलेल्या ड्रमवरून सोलून नेऊ नका, आणि ऑक्झॅलिकचं लेबल निवडलंत तर ते डायहायड्रेटचंच आहे ना, ते नीट बघून घ्या.

कळावे,
आपली,
नंदेसरीतल्या एका लॅबमधली केमिस्ट
बडोदे